मंडळीचा चार्ज घेताना: काय आधी, काय नंतर

बदलीचा आदेश हातात पडला की आपल्यातले बहुतेक पाळक (चर्चचे धर्मगुरू) पहिल्या रविवारचा संदेश तयार करायला बसतात. क्रम इथेच चुकतो. पहिला संदेश कोणाच्या लक्षात राहत नाही. पहिल्या महिन्यात तुम्ही आधी कोणाच्या घरी चहा घेतला, दानाची थैली कोणाच्या हाती दिली आणि जुन्या पाळकाविषयी काय बोललात, हे मात्र दहा वर्षं सांगितलं जातं.

सत्तावीस वर्षांत मी खान्देशात पाच मंडळ्या, म्हणजे पाच चर्च आणि त्यांचे सभासद, सांभाळल्या. दोन बाजाराच्या गावांतल्या, एक रेल्वे कॉलनीजवळची, दोन सातपुड्याच्या पायथ्याच्या. पाचपैकी दोन ठिकाणची सुरुवात मी स्वतःच्या हाताने बिघडवली. नव्याने चार्ज घेणारे पाळक फोन करतात तेव्हा त्याच चुका ऐकू येतात, म्हणून हा क्रम लिहून काढला.

नियम एकच धरा. पहिले सहा महिने काहीही बदलायचं नाही, फक्त दोन गोष्टी सोडून. त्या दोन मात्र पहिल्या पंधरवड्यातच बदलायच्या. कोणत्या, ते तिसऱ्या टप्प्यात सांगतो.

तुमच्याकडे पंच असतील, वडील (मंडळीतले ज्येष्ठ पदाधिकारी) असतील किंवा पास्टोरेट कमिटी असेल. मी सरसकट ‘कमिटी’ म्हणतो. तुमच्या संस्थेच्या घटनेत वेगळा नियम असेल तर तो आधी.

## १. सामान भरण्याआधी

जुन्या पाळकांना भेटा, फोनवर उरकू नका. दोन तास मागून घ्या आणि तीनच प्रश्न विचारा. कोणती कामं अर्धवट आहेत? आजारी आणि एकटे कोण आहेत? तुम्ही कोणाला काय शब्द दिलाय? तिसरा प्रश्न लोक विसरतात. मग दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी दारात येतं, “आधीच्या साहेबांनी माझ्या पोराला वॉचमनची जागा देतो म्हटलं होतं.”

‘त्रास देणारे कोण?’ हे विचारू नका. विचारलंत तर त्या चार नावांकडे तुम्ही कधीच मोकळ्या नजरेने पाहू शकणार नाही. माझ्या तिसऱ्या मंडळीत असं एक नाव मला आधीच मिळालं होतं. त्या माणसाची हिशोबाविषयीची तक्रार खरी होती, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

गावाचं वर्ष समजून घ्या. नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, शिरपूर या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. जळगाव-धुळ्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी ऐन भरात असते. एप्रिल-मेमध्ये लग्नं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी आणि पंचेचाळीस अंशांच्या घरातलं ऊन. नोव्हेंबरात रिकामी बाकं पाहून ‘मंडळी थंड आहे’ म्हणणारे पाळक मी पाहिलेत. मंडळी थंड नव्हती, बारडोलीकडे उसाच्या फडात होती.

घरात बोलून घ्या. पाळकीणबाई महिला मंडळ चालवतील, संडे स्कूल घेतील आणि आल्यागेल्याचा चहाही करतील, हे सगळीकडे गृहीत धरलेलं असतं. त्यांना यातलं काय करायचं आहे आणि काय नाही, हे टेम्पो भरण्याआधी ठरवा आणि कमिटीला पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर सांगितलं की ती कुरकुर वाटते.

## २. चार्ज: सही करण्याआधी मोजा

हा दिवस हार-नारळ, भाषण आणि जेवण यांत जातो. स्वागत रविवारी होऊ द्या, चार्ज मात्र आदल्या दिवशी घ्या. जुने पाळक, तुम्ही आणि कमिटीचे दोन जण एवढेच बसा आणि एकेक वस्तू हातात घेऊन यादी करा:

- बाप्तिस्मा, सभासद, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं. शेवटची नोंद कोणत्या तारखेची, तेही लिहा.
- इतिवृत्ताची वही, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), बँकेची पासबुकं. पासबुक त्याच आठवड्यात भरून आणा.
- पावती पुस्तकं, वापरलेली आणि कोरी, दोन्ही क्रमांकासह. कोरं पुस्तक ‘सापडत नाही’ असं कोणी म्हणालं तर यादीत तसंच लिहा.
- ट्रस्टच्या नोंदणीचा दाखला, परिशिष्ट एकचा उतारा (ट्रस्टच्या सरकारी नोंदीची प्रत), शेवटचा ऑडिट रिपोर्ट.
- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टी आणि विजेची बिलं.
- प्रभुभोजनाची भांडी, पेटी, ढोलकी, साऊंड, गॅस सिलिंडर, किल्ल्या.

सावध: ‘सर्व बरोबर मिळाले’ या वाक्याखाली सही करू नका. ‘वरील यादीप्रमाणे मिळाले, खालील वस्तू मिळाल्या नाहीत’ असं लिहा. यात कोणावर आरोप नाही. पण हे न लिहिल्यामुळे चार वर्षांनी एका पावती पुस्तकाचा जाब मला द्यावा लागला होता.

दोन कागद लगेच नीट पाहायचे आहेत.

पहिला जमिनीचा. बऱ्याच ठिकाणी मालमत्ता स्थानिक मंडळीच्या नावावर नसते, वरच्या ट्रस्टच्या नावावर असते आणि तुमची कमिटी फक्त वापर करते. आपली गत काय आहे ते कागदावर पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतानाही तीच परवानगी लागते. कंपाऊंडच्या कडेची गाळ्यांची जागा हवी असलेला कोणीतरी ‘फक्त एक ना-हरकत सही’ मागत तुमच्याकडे येईलच. नवा पाळक म्हणजे ज्याला काही माहीत नाही तो, हे मागणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पहिल्या वर्षी जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. तो दिलाय का, हेही विचारून घ्या.

दुसरा कागद विवाहाचा. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ खाली तुम्हाला लग्न लावण्याचा अधिकार कशाने मिळतो, ते तपासा. बिशपांकडून दीक्षा झालेल्या पाळकांची गोष्ट वेगळी; स्वतंत्र मंडळ्यांतल्या पाळकांना साधारणपणे सरकारी परवाना लागतो. ‘माझं ऑर्डिनेशन झालंय’ एवढं पुरत नाही. याच कायद्याप्रमाणे, काही ठरावीक अपवाद सोडले तर, लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लावायचं असतं. मे महिन्यात वऱ्हाडाची गाडी पारोळ्याजवळ पंक्चर होते, साडेसात वाजतात आणि सगळे तुमच्याकडे बघतात. म्हणून पत्रिका छापण्याआधीच घरच्यांना दुपारी ४ ची वेळ घ्यायला सांगा.

तपासा: यादीच्या तीन प्रती झाल्या का? एक तुमची, एक जुन्या पाळकांची, एक कमिटीच्या फाइलला.

## ३. पहिला पंधरवडा: पैसा आणि मुलं

थांबायचं नाही अशा दोन गोष्टी याच. बाकी कशाचीही घाई केली तर मंडळी दुखावते. या दोन बाबतीत उशीर केला तर माणसं उद्ध्वस्त होतात.

पैसा. पद्धत अशी ठेवा.

अर्पण (दानाचा पैसा) उपासना संपल्या संपल्या, मंदिरातच, म्हणजे चर्चमध्येच, दारं उघडी ठेवून मोजायचं. मोजणारे किमान दोघं, एका घरातले नकोत, एकमेकांचे व्याहीही नकोत. आपल्याकडच्या मंडळ्यांत हे दुसरं जमवणं जास्त अवघड. पाळकाने मोजायचं नाही, फक्त आकडा ऐकायचा. नोटा किती, नाणी किती, हे छापील चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या. रक्कम सोमवारी बँकेत, पूर्ण. ‘पेटीवाल्याला तीनशे त्यातूनच दिले’ हे बंद. खर्च वेगळ्या व्हाउचरने.

पहिल्याच रविवारी एक जिभाऊ मला म्हणाले, “साहेब, आमनावर इस्वास नही का?” मी म्हटलं, “जिभाऊ, मी स्वतः पैशाला हात लावत नाही. म्हणजे पहिला अविश्वास मी माझ्यावरच दाखवलाय.” ते हसले आणि दुसऱ्या रविवारी मोजायला स्वतः बसले. पौलानेही मदतीचा पैसा नेताना एकट्याने नेला नाही, सोबत माणसं घेतली (२ करिंथ ८:१८–२१). कोणी फारच ताणलं तर हे वाचून दाखवा.

आता तीन जागा, जिथे हमखास गळती होते.

कापणीच्या सणाचा लिलाव. धान्य, कोंबडी, मिरचीचं पोतं, केळीचा घड यांची बोली लागते, टाळ्या पडतात आणि अर्धी रक्कम उधार राहते. ही उधारी कोणाच्या तरी डोक्यात असते, वहीत नसते. बोली संपताच नाव, वस्तू, रक्कम, जमा आणि बाकी लिहा आणि वसुलीची तारीख तिथेच जाहीर करा. जुनी उधारी मात्र पहिल्या वर्षी उकरू नका. तिच्यात तुमच्या कमिटीतले निम्मे असतात.

क्यूआर कोड. तो मंडळीच्या बँक खात्याचा हवा. ‘तात्पुरता’ म्हणून पाळकाचा किंवा खजिनदाराचा नंबर चिकटवला की तो तीन वर्षं तिथेच राहतो.

परदेशातली मदत. ओळखीचा कोणी भला माणूस ‘तुमच्या खात्यात पाठवतो, मंडळीला द्या’ म्हणेल. नम्रपणे नाही म्हणा. विदेशी देणगीचा कायदा, एफसीआरए, २०१० चा आहे. नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय मंडळीसाठी असा पैसा घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेने तो दुसरीला वाटणंही बंद झालंय.

मुलं. संडे स्कूल, तरुण संघ, वसतिगृह, शिबिर: मुलं असतील तिथे दोन मोठी माणसं, आणि दार उघडं. मूल एकटं असताना कोणी त्याला मोटारसायकलवरून घरी सोडणार नाही, पाळकसुद्धा नाही. नाटकाच्या तालमी अंधार पडण्याआधी संपतील. हे एका कागदावर लिहून मंदिराच्या दाराशी लावा.

सावध: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, नुसता तसा संशय आला, तरी तो विषय कमिटीसमोर न्यायचा नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. ‘घरातली गोष्ट घरात’, ‘मुलीचं लग्न व्हायचंय’, ‘मंडळीची बदनामी’ ही तीनही वाक्यं तुम्हाला ऐकावी लागतील, आणि म्हणणारे भले लोक असतील. तरी फोन करा.

## ४. तीन महिने नुसतं ऐकणं

ऐंशी घरं असतील तर आठवड्याला सहा घरं. चौदा आठवड्यांत सगळी होतात. हा हिशोब पहिल्या दिवशी मांडला नाही तर वर्षअखेरीस तुम्ही वीस घरांत प्रत्येकी चार वेळा गेलेले असता आणि साठ घरांत एकदाही नाही.

पहिलं घर कोणाचं? आजाऱ्याचं. मग विधवा आणि एकट्या म्हाताऱ्यांची, मग येणं सोडलेल्यांची, मग बाकीच्यांची, आणि कमिटीच्या लोकांची सर्वांत शेवटी. कमिटीला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे मान दुखावत नाही. मी चौथ्या मंडळीत हा क्रम पाळला. पहिल्या मंडळीत मात्र पहिल्या संध्याकाळी पेट्रोल पंपवाल्या सभासदाकडे शेवभाजीच्या जेवणाला गेलो होतो. पुढची तीन वर्षं मी ‘पंपवाल्यांचा पाळक’ होतो. याकोबाच्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची जागा देण्याबद्दल जे लिहिलंय, ते जेवणाच्या पंक्तीलाही लागू आहे.

वेळ त्यांच्या सोयीची. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर. आठवडे बाजाराच्या दिवशी जाऊच नका. भेट पाऊण तासाची, प्रार्थना लहान. घरी बाई एकटी असेल तर दारातूनच विचारपूस करून परत या, नंतर पाळकीणबाईंना किंवा एखाद्या वडिलांना घेऊन जा. भाषेचं म्हणाल तर अहिराणी बोलता येत नसेल तरी समजून घ्यायला शिका, आणि नवापूरकडे मावची किंवा भिल्लीचे निदान नमस्कारापुरते शब्द. प्रमाण मराठीत विचारलं की प्रमाण मराठीतच उत्तर मिळतं, ‘सगळं छान आहे साहेब.’

विचारायचं एवढंच: या मंडळीत तुम्हाला काय आवडतं? कोणती गोष्ट जाऊ नये? गेल्या वर्षात सर्वांत जड काय गेलं? घरी येऊन वहीत तीन ओळी लिहा. मात्र कोणी विश्वासाने सांगितलेलं पाप किंवा भांडण त्या वहीत नको. वह्या हरवतात, आणि पाळकाची वही सापडली की लोक वाचतात.

सामान्य चूक: भेटीत ऐकलेलं रविवारच्या संदेशात येणं, नाव न घेता का होईना. साठ-सत्तर घरांच्या मंडळीत नाव घ्यायची गरजच पडत नाही.

तपासा: तीन महिन्यांनंतर सभासदांची नावं रजिस्टर न बघता घराप्रमाणे म्हणता येतात का? न येणारी घरं कोणती, ते पाहा. तुम्ही तिकडे का गेला नाहीत, ते तुम्हालाच कळेल.

## ५. कमिटी चालवणं

विषयपत्रिका चार दिवस आधी, एका पानाची. बैठक दीड तास. एका विषयाला एकच ठराव, आणि तो तिथल्या तिथे मोठ्याने वाचून सह्या. ‘इतिवृत्त नंतर लिहू’ म्हटलं की पुढच्या महिन्यात दोन वेगळ्या आठवणी समोरासमोर उभ्या राहतात.

गप्प बसणं म्हणजे होकार समजू नका. खान्देशी माणूस पाळकाच्या तोंडावर नाही म्हणत नाही. “तुम्ही म्हणतस तसं” म्हणतो आणि बाहेर टपरीवर खरं मत सांगतो. म्हणून एकेकाला नावाने विचारा, “नाना, तुमचं काय?” आणि सुरुवात सर्वांत तरुण सभासदापासून आणि बायांपासून करा. आप्पा आधी बोलले की बाकीचे बोलायचे थांबतात. आपलं मत सर्वांत शेवटी.

काम वाटतानाही हेच. मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करताना पाहून थांबवलं होतं (निर्गम १८). किल्ली, साऊंड, विजेचं बिल, दफनाची तयारी: प्रत्येकाला एक माणूस आणि एक पर्यायी माणूस. पहिल्या खेपेला ते तुमच्यापेक्षा वाईट करतील. करू द्या.

## ६. भांडण आलं तर

येईलच, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. नवा पाळक कोणाच्या बाजूचा, हे लोकांना पाहायचं असतं. मत्तय १८:१५–१७ चा क्रम सगळ्यांना पाठ असतो आणि पाळत कोणी नाही: आधी दोघं एकांतात, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी.

तुमच्याकडे कोणी तक्रार घेऊन आला की पहिला प्रश्न, “तुम्ही त्यांच्याशी बोललात का?” नसेल तर त्याला परत पाठवा, हवं तर सोबत जा. पहिल्याचं ऐकून मत बनवू नका. पहिला नेहमीच खरा वाटतो, नीतिसूत्रे १८:१७ हेच सांगतं. निकाल त्याच दिवशी देऊ नका. आपल्याकडे भांडणाच्या मुळाशी पुष्कळदा सोयरिक असते. मोडलेलं लग्न, न बोलावलेलं साखरपुड्याचं जेवण. मंदिरातल्या पंख्याच्या जागेवरचा वाद दोन तास ऐकल्यावर ते बाहेर येतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शब्दही नको. तिथे वाद पेटला तर ‘उद्या घरी येतो’ एवढंच लिहा आणि खरंच जा.

सावध: नवरा मारहाण करतो, अशी तक्रार हे ‘भांडण’ नाही. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नका. त्या रात्री तिला मार पडतो. आधी तिला सुरक्षित जागा, मग पोलीस किंवा संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी बघणारा सरकारी अधिकारी), बाकी सगळं त्यानंतर.

## ७. सहा महिन्यांनंतर पहिला बदल

दुसऱ्या मंडळीत मी तिसऱ्याच रविवारी जाहीर केलं की उपासना दहाऐवजी साडेआठला सुरू होईल. ऊन वाढतं, लवकर सुटलेलं सगळ्यांना बरं, असा माझा हिशोब. कोणी हूं की चूं केलं नाही. महिन्याभरात मागच्या तीन ओळी रिकाम्या. त्या ओळींत शेजारच्या खेड्यांतल्या बाया बसायच्या आणि त्यांची पहिली एसटी सव्वानऊला यायची. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं. वेळ परत दहा केली, पण त्यातल्या चार जणी पुन्हा आल्या नाहीत.

म्हणून: एका वेळी एकच बदल. आधी ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारा, मग कमिटीत आणा, मग ‘तीन महिने करून पाहू’ म्हणून जाहीर करा आणि तीन महिन्यांनी खरंच फेरविचाराची बैठक घ्या. पहिला बदल लोकांच्या तोंडून आलेला असू द्या, उदाहरणार्थ बायांसाठी संडास किंवा पाण्याची टाकी. स्वतःच्या मनातला बदल दुसऱ्या क्रमांकावर.

नाताळात हात घालू नका. किमान एक नाताळ जसा चालतो तसा पाहा. फक्त रात्रीच्या कॅरलसाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधी घ्या, आणि रात्री १० वाजता स्पीकर बंद करा, तरुण संघ कितीही रुसला तरी.

## ८. निघण्याच्या दिवसाची फाइल

ही पहिल्या वर्षीच सुरू करा, बदलीच्या आठवड्यात वेळ मिळत नाही. अर्धवट कामं, दिलेले शब्द, आजाऱ्यांची घरं, कागद कुठे आहेत, एवढंच त्यात. माणसांविषयीचं मत नको. गेल्यावर जुन्या मंडळीतून लग्नाला किंवा अंत्यविधीला बोलावणं आलं तर आधी नव्या पाळकांना फोन करा, त्यांनी बोलावलं तर जा.

किल्ल्या जुडगा करून देऊ नका, प्रत्येकीला चिठ्ठी बांधा. माझ्या शेवटच्या बंगल्यात किल्ल्या सात होत्या आणि कुलपं पाच. उरलेल्या दोन कशाच्या, ते मला कधीच कळलं नाही. चिठ्ठीवर तसंच लिहून दिलं.